तार आली, नळ का अडला? : अँटॉप हिलवरून पाहिलेला शहराच्या मालकीचा इतिहास

१/
"वीज आणि पाणी पुरवणे हे महापालिकेचे काम नव्हे, विकून टाका आणि मोकळे व्हा." हा सल्ला मुंबईकराला दर अर्थसंकल्पाच्या वेळी ऐकावा लागतो. सल्लागार बदलतात, आकडे बदलतात. पण या दोन्ही सेवा मुळात शहराच्या हाती आल्या कशा, हे कुणी सांगत नाही. आजचा धागा त्याविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचा.

२/
मुंबईच्या पाण्याची कथा मलबार हिलच्या जलाशयापासून सांगण्याची प्रथा आहे. आपण अँटॉप हिलपासून सुरुवात करू. वडाळ्याच्या पूर्वेची ही टेकडी. अंतोबा नावाच्या कुणा जमीनमालकावरून तिचे नाव पडले, असे सांगतात. वर शेख मिस्रींचा दर्गा, खाली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीचे सेक्टर, पलीकडे संगमनगर, कोकरी आगार यांसारख्या दाट वस्त्या आणि खाडीच्या अंगाला जुनी मिठागरे.

३/
इथल्या रहिवाशाचे विजेचे बिल बेस्टचे आणि पाण्याचे बिल महापालिकेचे. बेस्टही महापालिकेचीच. म्हणजे धनी एकच. तरीही वस्तीतल्या गल्लीत शिरले की एक विसंगती डोळ्यांत भरते. विजेच्या मीटरच्या पेट्या भिंतीवर ओळीने लागलेल्या असतात. नळ मात्र पाच-दहा घरांत मिळून एक, आणि काही ठिकाणी तोही नाही. जिथवर तार पोचली तिथवर नळ का पोचला नाही? या प्रश्नाचे उत्तर सापडले की विक्रीचा सल्ला किती पोकळ आहे तेही कळते, आणि आपल्या पालिकाप्रेमातली खोटही कळते.

४/
प्रथम पाणी. नळ येण्यापूर्वीची मुंबई विहिरींवर आणि दानशूरांच्या तलावांवर जगत होती. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दोन टाकी : तलाव बुजले, नावे उरली. दात्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. पण दानाचे पाणी दात्याच्या आणि समाजाच्या अटींवर मिळत असे. कुणी कुठल्या विहिरीवर घडा बुडवायचा हे जात ठरवीत असे. विहीर आटली तर तक्रार कुणाकडे करायची, याला उत्तर नव्हते. दानात उपकार असतो, उत्तरदायित्व नसते.

५/
१८५४ च्या टंचाईने हा संसार किती तकलादू आहे ते दाखवले. हेन्री कॉनीबेअर यांच्या योजनेनुसार १८५६ मध्ये विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये तिथले पाणी नळाने शहरात आले. पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. १८८८ च्या महापालिका कायद्याने पाण्याची सोय करणे हे पालिकेचे अनिवार्य कर्तव्य ठरवले. त्या कायद्याचे कलम ६१ आजही तेच सांगते. 'अनिवार्य' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

६/
स्वातंत्र्यानंतर मोडकसागर आला, १९५७ मध्ये. पालिकेचे अभियंते मोडक यांचे नाव त्याला मिळाले. किती धरणांना अभियंत्याचे नाव असते? मग ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. यांतली ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा ही धरणे राज्य सरकारची. पण शंभर-शंभर किलोमीटरवरून पाणी आणणे, भांडुपला ते शुद्ध करणे आणि घरोघर वाटणे हे काम शहराचे. आज दिवसाला सुमारे ३,८०० ते ४,००० दशलक्ष लिटर पाणी या वाटेने येते.

७/
या तारखा एका ओळीत मांडून पाहा : १८६०, १८७९, १८९२, १९५७, २०१४. दीडशे वर्षांत प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीसाठी एक तलाव बांधला. तिमाही नफ्याच्या हिशेबाने चालणारी कोणती संस्था पन्नास वर्षांनी लागणाऱ्या पाण्यात आज पैसे घालते? "पालिका अकार्यक्षम आहे" असे म्हणणाऱ्याने रोज सकाळी तोंड धुताना हा प्रश्न स्वतःला विचारावा.

८/
विजेची गोष्ट उलट दिशेने घडली. तिथे आरंभ खासगी कंपन्यांनीच केला. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. पण वर्षभरातच ती कंपनी बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी उभी राहिली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली, १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस. ही कंपनी वाईट चालली होती असे मी म्हणणार नाही. ती उत्तम चालली होती. मुद्दा पुढेच आहे.

९/
उत्तम चाललेली ही कंपनी ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने ताब्यात घेतली. स्वातंत्र्याला आठ दिवस उरले होते. खासगी कंपनी डबघाईला आली म्हणून शहराने ती नाइलाजाने पदरात घेतली, असे झालेले नाही. विकत घेण्याचा जो हक्क करारात शहराने राखून ठेवला होता, तो त्याने बजावला. जे लोक आज "धंदा करणे पालिकेला जमत नाही" म्हणतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे : पालिकेने नफ्यातला धंदा दाम मोजून घेतला होता, कारण रस्त्यावरचा दिवा, घरातली वीज आणि गिरणीकडे जाणारी ट्राम यांचे निर्णय शहरातच व्हावेत असे तिला वाटत होते.

१०/
त्यानंतरची अनेक दशके बेस्टचा संसार एका कनवटीवर चालला. विजेतून चार पैसे उरत, ते बसच्या तुटीत जात. कुलाब्यातल्या वातानुकूलित कचेरीच्या बिलातून कोकरी आगारच्या कामगाराचे तिकीट स्वस्त राही. यालाच शहर म्हणतात. कुटुंबात कमावता भाऊ शिकणाऱ्या भावाची फी भरतो तेव्हा त्याला कुणी 'तोटा' म्हणत नाही.

११/
२००३ च्या वीज कायद्यानंतर हिशेब वेगळे झाले. त्या कायद्याने आधीपासून वीज वाटणाऱ्या स्थानिक संस्थांना काही सवलती दिल्या, हे खरे. काही वर्षे बसची तूट वीजबिलातून वसूल करण्यास परवानगीही होती. मग आक्षेप आला : विजेच्या ग्राहकाने बसचा भार का सोसावा? हा आक्षेप चुकीचा नाही. बेस्टची वीज फक्त शीव-माहीमपर्यंत, बस मात्र सगळ्या मुंबईत आणि तिच्याबाहेरही. तेव्हा ती वसुली थांबली, यात अन्याय झाला असे म्हणता येणार नाही.

१२/
अन्याय पुढे झाला. विजेचा आधार काढून घेतला, पण बसचा भार उचलायला कुणी पुढे आले नाही. तो शहराच्या तिजोरीने उचलायला हवा होता. २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा. त्यात बेस्टसाठी तरतूद १,००० कोटींची. म्हणजे शंभर रुपयांमागे एक रुपया चौतीस पैसे. घरच्या माणसाला पोटभर वाढायचे नाही आणि मग "हा रोडावला आहे, याला घराबाहेर काढा" म्हणायचे, अशातला हा प्रकार आहे.

१३/
"पण उपनगरांत खासगी वीज आहे, ती काय बंद पडते?" नाही पडत. तिथली सेवा चांगली आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ. उपनगरांना वीज देणारी बीएसईएस १९२९ ची. २००३ मध्ये ती रिलायन्सच्या हाती गेली, २०१८ मध्ये अदानी समूहाच्या. पंधरा-सोळा वर्षांत धनी दोनदा बदलला. लाखो ग्राहकांपैकी एकालाही विचारावे लागले नाही, कारण ती वस्तू त्यांची नव्हतीच. शीवच्या अलीकडे आणि पलीकडे दिवा सारखाच लागतो. फरक इतकाच की अलीकडची तार विकायची झाली तर अलीकडच्या माणसाला बोलण्याचा अधिकार आहे.

१४/
हा वेडा भारतीय हट्ट आहे, असे समजू नका. पॅरिसने पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडून काढून २०१० मध्ये पुन्हा शहराच्या हाती घेतला. हॅम्बुर्गच्या नागरिकांनी २०१३ मध्ये सार्वमत घेऊन वीजजाळे परत विकत घेण्याचा निर्णय दिला. भारतात केरळातले त्रिशूर शहर आजही आपली वीज स्वतः वाटते. जे इतरांना मोठी किंमत मोजून परत घ्यावे लागले, ते आपल्याकडे आहेच.

१५/
पाण्याच्या बाबतीत मुंबईवर हा प्रयोग जवळजवळ झालाच होता. २००६ मध्ये के-पूर्व विभागात, म्हणजे अंधेरी पूर्व, विलेपार्ले, जोगेश्वरी या भागात, पाणीवाटपाच्या सुधारणेचा अभ्यास जागतिक बँकेच्या पुढाकाराने सुरू झाला. रोख खासगी व्यवस्थापनाकडे होता. नागरिक, कामगार संघटना आणि पालिकेतलेच काही अभियंते उभे राहिले, जाहीर सभेत अवघड प्रश्न विचारले गेले आणि तो बेत मागे पडला. लोकांना सभेत उभे राहून विचारता आले, याचे कारण नळ त्यांचा होता.

१६/
इथवर विक्रीवाल्यांशी वाद झाला. आता आपल्याच बाजूशी. मालकी सार्वजनिक असली की न्याय आपोआप होतो, असे मानणाऱ्याने महाड आठवावे. चवदार तळे नगरपालिकेचे होते. ते अस्पृश्यांना खुले करण्याचा ठरावही तिने १९२४ मध्ये केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तिथे जाऊन पाणी प्यावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. तळे सार्वजनिक, ठराव सार्वजनिक, आणि पाणी मात्र नाही. तो हक्क न्यायालयात सिद्ध व्हायला १९३७ उजाडले.

१७/
मुंबईने जात विचारली नाही, तारीख विचारली. १९९० च्या दशकात झोपडीला नळ देण्यासाठी १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा लागू लागला. पुढे ती तारीख १ जानेवारी २००० झाली. जो नंतर आला, तो तहानेच्या बाबतीत माणूस धरला गेला नाही. ज्या कायद्यात पाणी हे 'अनिवार्य' कर्तव्य आहे, त्याच कायद्याखाली चालणाऱ्या पालिकेने शासनाच्या धोरणानुसार हे केले.

१८/
आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. वीज कायद्याचे कलम ४३ म्हणते : जागेचा मालक किंवा भोगवटादार यांपैकी कुणीही अर्ज केला, तर परवानाधारकाने मुदतीत वीज दिली पाहिजे. 'किंवा भोगवटादार' या दोन शब्दांनी अँटॉप हिलच्या गल्लीत दिवा लावला. तो दिवा जागेवरचा हक्क सिद्ध करत नाही. फक्त इथे माणूस राहतो एवढे मान्य करतो. पाण्याच्या नियमांत हे दोन शब्द नव्हते. तिथे आधी "तू इथे कधीपासून?" आणि मग "जमीन कुणाची?" असे विचारले जाई. तार आणि नळ यांच्यातले अंतर एवढेच आहे. ते कागदावरचे अंतर आहे, डोंगरावरचे नाही.

१९/
पाणी हक्क समितीने हे उच्च न्यायालयात नेले. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. अजय गडकरी यांच्या खंडपीठाने सांगितले की पाणी हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि २००० नंतरच्या बेकायदा झोपडीत राहणाऱ्यालाही तो पूर्णपणे नाकारता येत नाही. या रहिवाशांना कायदेशीर घरांइतक्याच पुरवठ्याचा दावा करता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले. इतकी मर्यादित गोष्ट मान्य व्हायला न्यायालय लागले. त्यावरचे धोरण २०१७ मध्ये आले आणि 'सर्वांसाठी पाणी' ही योजना २०२२ च्या मे महिन्यात.

२०/
धोरण आले तरी वडाळा-अँटॉप हिलच्या पट्ट्यात जमिनीचा गुंता राहतोच. इथे काही जमीन केंद्र सरकारची, काही मिठागरांची, काही बंदराची, काही पालिकेची, काही खासगी. नळाची वाहिनी टाकायची तर ज्याची जमीन त्याचे ना-हरकत पत्र आणा. म्हणजे एका सरकारचा नळ दुसऱ्या सरकारच्या जमिनीपाशी येऊन थांबतो आणि दोन्ही सरकारांची मालक असलेली बाई हंडा घेऊन उभी असते.

२१/
जिथे पालिकेचा नळ पोचत नाही तिथे काय असते, हे विक्रीवाल्यांनी अवश्य येऊन पाहावे. तिथे खासगी पाणीपुरवठाच असतो! कॅनने, ड्रमने, दुसऱ्याच्या नळावरून ओढलेल्या पाइपने. स्पर्धा आहे, मागणी-पुरवठा आहे, ग्राहक रोख पैसे देतो. आणि नळवाल्या इमारतीतल्या माणसाला जे पाणी नाममात्र दरात मिळते, त्यासाठी हा गरीब ग्राहक कितीतरी पट अधिक मोजतो. बिल नाही, तक्रारीची खिडकी नाही, पाणी गढूळ आले तर दाद नाही. मुंबईतला पाण्याचा खुला बाजार पाहायचा असेल तर अहवाल वाचू नका. पहाटे वस्तीत या.

२२/
आणखी एक ऋण मांडल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. तानसा आणि भातसा ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. आपल्या जलवाहिन्या ज्या पाड्यांजवळून जातात, त्यांतल्या कित्येकांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. 'शहराची मालकी' म्हणताना शहराबाहेरच्या ज्यांनी जमीन दिली त्यांना आपण काय दिले, हे विचारण्याची जबाबदारीही मालकाचीच आहे.

२३/
मालक असणे म्हणजे विचारता येणे. मग सर्वांत मोठे नुकसान कोणते? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ सभागृह रिकामे राहिले. बेस्ट समितीही नव्हती. याच काळात बेस्टच्या सुमारे १० लाख ८० हजार ग्राहकांचे मीटर बदलून स्मार्ट मीटर बसवण्याचे कंत्राट खासगी कंपनीकडे गेले. स्मार्ट मीटर चांगले की वाईट, हा वेगळा वाद. पण हा निर्णय लोकनियुक्त समितीपुढे चर्चेला आला असता, तर अँटॉप हिलच्या माणसाला निदान आपल्या नगरसेवकाला गाठता आले असते. मालकी विकली गेली नाही. तिचा आवाज बंद ठेवला गेला. विक्रीपूर्वीची पहिली पायरी बहुधा हीच असते.

२४/
म्हणून मागण्या तीन, आणि तिन्ही साध्या.
एक : पाण्याच्या नियमांत वीज कायद्याप्रमाणे 'किंवा भोगवटादार' हे शब्द यावेत. जो राहतो त्याला नळ. जमिनीचा वाद जमिनीच्या न्यायालयात.
दोन : बसची तूट ही बेस्टची नालायकी न मानता शहराचा खर्च मानावा आणि तो अर्थसंकल्पात दरवर्षी नियमाने धरावा.
तीन : वीज, पाणी आणि आगारांच्या जमिनी यांविषयीचे दीर्घ मुदतीचे कोणतेही कंत्राट लोकनियुक्त सभागृहात उघड चर्चा झाल्याशिवाय होऊ नये.

२५/
१८६० मध्ये विहारचे पाणी आले तेव्हा आणि १९४७ मध्ये बेस्ट शहराची झाली तेव्हा, आपल्यापैकी कुणी तिथे नव्हते. दुसऱ्यांनी आपल्यासाठी घेतलेली ही मिळकत आहे. वडिलोपार्जित घराचे छप्पर गळते म्हणून घर विकणारा पोरगा आपण पाहिलेला असतो. आणि छप्पर शाकारायचे टाळून "घर आपलेच आहे" म्हणत ओल्यात झोपणाराही. दोघेही घर घालवतात. अँटॉप हिलच्या त्या गल्लीत मीटरशेजारी ज्या दिवशी नळ लागेल, त्या दिवशी हे घर आपण राखले असे म्हणता येईल.

धागा समाप्त. तारखांत वा तपशिलांत चूक आढळल्यास पुराव्यासह जरूर लिहा, दुरुस्ती करीन. मताविषयी वाद असेल तर तोही घालू, पण आधी विहारपासून वाचून या.